बोर्डावरचा वस्तरा

त्या गायकाला आमच्या घरात एकच नाव होतं, वस्तरा. त्याचं खरं नाव निम्म्या जगाला पाठ आहे, पण आम्ही ते कधी उच्चारलं नाही, म्हणून इथंही लिहीत नाही. एका संध्याकाळी मी त्याला प्रत्यक्ष गाताना पाहिलं आणि त्याच वेळी स्टेजशेजारच्या पडद्यावर त्याचा गाल घराच्या भिंतीएवढा झालेला पाहिला. त्या गालाचा धक्का अजून माझ्या अंगातून पुरता गेलेला नाही. हे सगळं मला नीट लावून सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. प्रयत्न करते.

आम्ही दोह्यात अल नस्रला राहायचो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली बेकरी, बेकरीशेजारी शिंपी. पहाटेच्या अजानीनंतर बेकरीची भट्टी पेटायची आणि गरम खुबूसचा वास जिन्यानं वर यायचा. अम्मा मात्र खुबूसला रोटी मानायला तयार नव्हती. "फुगलेलं पोतं ते," म्हणायची आणि तांदळाच्या रोट्या थापायची. गावाहून येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाकडून ती आमसुलं आणि सुकट मागवायची. हमूर माशाच्या कालवणात आमसुलं पडली की घरभर असा वास सुटायचा की खिडकीतल्या एसीची घरघरसुद्धा कमी वाटायची. ती घरघर इतकी मोठी होती की आम्ही तिघंही घरात जरा ओरडूनच बोलायचो. पुढं दुसऱ्यांच्या घरी जाऊ लागले तेव्हा मला कळलं, की माणसं घरात हळू बोलतात.

शुक्रवारी सकाळी त्या घरघरीत आणखी एक आवाज मिसळायचा. बाबा दाराच्या कडीला चामोटं अडकवायचे आणि त्याच्या ताणलेल्या चामड्यावर वस्तरा वरखाली फिरवायचे. सप, सप, सप. तो वस्तरा आजोबांचा. आमचं घराणं हजामाचं. गावी कोकणात, खाडीपलीकडच्या चार गावांच्या दाढ्या आजोबांकडं असायच्या. काखेत धोकटी मारून ते होडीतून जायचे. ती चामड्याची धोकटी, तिच्यातली पितळी वाटी, तुरटीचा खडा आणि तो वस्तरा एवढं घेऊनच बाबा आखातात आले होते. पण ते ज्या सलूनमध्ये काम करायचे ते वेस्ट बेमधल्या मोठ्या हॉटेलातलं सलून होतं. तिथं असल्या वस्तऱ्याला मनाई होती. एका गिऱ्हाइकाला एक पातं, मग ते कचऱ्यात. त्यामुळं आजोबांचा वस्तरा आठवड्यातून एकदा फक्त बाबांच्याच गालावरून फिरायचा. दाढी झाली की ते तुरटीचा खडा ओला करून गालाला लावायचे आणि मग रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात टाकायचे. तो खडा त्यांच्या खिशात कायम असायचा, जसा दुसऱ्यांच्या खिशात पेन असतो.

त्या वर्षी बाबांचा उजवा हात थरथरायला लागला होता. हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. हात मांडीवर नुसता ठेवला की अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासल्यासारखं हलायचं, जणू ते तपकीर चिमटीत धरून बसलेत. अम्मानं त्यांची कप-बशी बंद करून चहा जाड पेल्यात द्यायला सुरुवात केली होती. "हात कामाला लागला की थांबतो," बाबा म्हणायचे, आणि ते खरं होतं. मी स्वतः पाहिलं होतं. वस्तरा कानाच्या पाळीजवळ जाईपर्यंत हात हलायचा, आणि पातं कातडीला टेकलं की असा स्थिर व्हायचा, की विश्वास बसू नये. पण सलूनच्या मॅनेजरला हे कसं पटवायचं? थरथरता हात बघितला असता तर त्यानं पहिल्यांदा खुर्ची काढून घेतली असती. खुर्ची गेली की व्हिसा, व्हिसा गेला की अल नस्रच्या दोन खोल्या, आणि माझं कॉलेज. हे आम्ही तिघं कधी बोललो नाही. सलूनमध्ये बाबा रिकामा हात कायम एप्रनच्या खिशात ठेवायचे.

माझं कॉलेज ही घरातली सर्वांत नवीन वस्तू होती. आमच्या खानदानात दहावीपुढं कुणी गेलं नव्हतं. मी इंग्रजीतून फॉर्म भरायचे, बाबांना त्यांच्या सह्या कुठं करायच्या ते दाखवायचे. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'हॉस्पिटॅलिटी' लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, असं मी मनाला सांगत असे. माझी मैत्रीण ॲना, केरळची, तिचे वडील इंजिनिअर, तिनं विचारलं तेव्हाही मी तेच सांगितलं, आणि ती म्हणाली, "वा, म्हणजे मॅनेजमेंटमध्ये?" मी हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. न बोलणं हा माझा तेव्हाचा स्वभाव होता. थोडा अजूनही आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॉलेजात जाऊ लागल्यावर मी बाबांचं इंग्रजी दुरुस्त करू लागले होते. एकदा त्यांचे मित्र शकूरकाका घरी आलेले असताना बाबा म्हणाले, "त्या शेखची माझ्याकडं अपॉन्मेंट हाय." मी म्हटलं, "अपॉइंटमेंट, बाबा." शकूरकाका हसले. "कासम, मास्तरीण घरातच पाळलीस की." बाबाही हसले, पण त्या दिवसानंतर त्यांनी तो शब्द कधीच वापरला नाही. 'शेखचा टाइम हाय' म्हणायचे. ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं, आणि तेव्हापासून मी ठरवलं की आता बाबांना दुरुस्त करायचं नाही. चांगल्या मनानं ठरवलेली गोष्ट कुठं नेऊन सोडते, ते पाहा.

रविवारी बाबा कामावरून आले ते चपला काढायच्या आतच सांगू लागले. "हॉटेलच्या मागल्या गेटावर मोठ्ठा बोर्ड लावलाय गो. गिटार घेतलेला गोरा. आणि वर काय लिवलंय म्हायत हाय? वस्तरा."

"कुणी लिवलंय?" अम्मा आतून ओरडली.

"अरबीत लिवलंय. मी वाचलं. अलिफ, सीन, तोय, वाव, रे, शेवटी गोल ते. उस्तूरा. जेर-जबरच्या खुणा काय नाय, पण उस्तूरा म्हंजे आपला वस्तराच की."

बाबांना अरबी अक्षरं येत होती. गावच्या मदरशात लहानपणी कुराण वाचायला शिकले होते, बोट ठेवून, अक्षर न चुकता. अर्थ कुणी शिकवला नव्हता. आमच्याकडं सगळ्यांचं असंच. दोह्यात आल्यावर ते रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायचे आणि वाचता आल्याचं समाधान त्यांना पुरायचं. पण हा पहिलाच शब्द होता जो वाचता वाचता त्यांना कळला. त्यांचा स्वतःचा शब्द. ते इतके खुश होते, की जेवताना दोनदा बोर्डाबद्दलच बोलले. "गाणाऱ्याच्या नावापुढं वस्तरा कोण लावील? घराणं हजामाचं असल्याबिगर?" अम्मा म्हणाली, "गोऱ्यांत पण आपले असतात काय?" बाबा म्हणाले, "दाढी सगळ्यांनाच येते."

मंगळवारी मी कॉलेजच्या लायब्ररीत बाईंना विचारलं. त्या पॅलेस्टिनी होत्या, फार हळू आवाजात बोलायच्या. मी कागदावर शब्द लिहून दिला. "उस्तूरा," त्यांनी वाचलं आणि इंग्रजीत सांगितलं, की याचा अर्थ आख्यायिका. लोक पिढ्यान् पिढ्या सांगत राहतात ती गोष्ट. मोठ्या कलाकारालाही तसं म्हणतात. मला हसू आलं, आणि घरी जाऊन सांगायचं असं मी ठरवलंही होतं. पण घरात शिरले तर अम्मा विचारत होती, "वस्तरा कधी उतरणार विमानातून?" आणि बाबा सांगत होते, "गुरुवारी." तो शब्द घरात असा रुळला होता, जणू कुणी नातेवाईक येणार आहे. मला शकूरकाकांचं हसणं आठवलं. मी गप्प बसले.

गुरुवारी बाबा जवळजवळ पळतच जिना चढले. गायकाच्या सेक्रेटरीनं सलूनला फोन केला होता. म्हाताऱ्याला कार्यक्रमाआधी खोलीवर दाढी करून हवी होती. त्याला स्वतःला करता येत नव्हती, आणि तरुण मुलगा नको, वयानं मोठा माणूस पाठवा म्हणाला होता. सलूनमध्ये वयानं मोठे बाबाच. शिवाय सलूनला कार्यक्रमाचे पास मिळाले होते, त्यातले दोन बाबांना. अम्मा म्हणाली, "मना नको ते बोंबलणं. जैबूला ने." जैबू म्हणजे मी.

शुक्रवारी सकाळी चामोट्याचा आवाज नेहमीपेक्षा बराच वेळ चालला. मी आतल्या खोलीत अभ्यासाचं पुस्तक उघडून बसले होते आणि एकही ओळ वाचत नव्हते. बाहेर आले तेव्हा बाबा वस्तरा पुसून धोकटीत ठेवत होते.

"हे कशाला बाबा? हॉटेलात चालत नाही ना हा?"

"त्याच्याकडं जाताना पातं नेऊ? कचऱ्यातलं?" ते म्हणाले. "आपल्यातला माणूस हाय. त्याला लोखंड कळंल."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. माझ्या तोंडात ते वाक्य आलंही होतं, मला त्याची चव आठवते. पण बाबांचा हात धोकटीचा पट्टा बांधताना थरथरत होता, ते मान खाली घालून दातांनी ओढून गाठ मारत होते, आणि चेहऱ्यावर असं काही होतं जे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मी आत जाऊन ओढणी घेतली.

आम्ही दुपारी बसनं गेलो. बाबा वर खोलीत गेले आणि मी स्टाफच्या कँटीनमध्ये बसून राहिले. पाऊण तासानं ते खाली आले. खुर्चीत बसले, पेलाभर पाणी प्याले.

"कसा आहे?" मी विचारलं.

"म्हातारा हाय गो. माझ्यापेक्षा पण. कान गेलेत. पण वस्तरा दाखवला तर हातात घेतला आणि अंगठ्यानं धार बघितली. आडवी. बरोब्बर." बाबांनी अंगठा हवेत आडवा फिरवून दाखवला. "मी विचारलं, फादर बारबर? तर यस यस म्हणाला."

"नीट झाली ना दाढी?"

"झाली," बाबा म्हणाले आणि पेल्यात बघत राहिले.

कार्यक्रम हॉटेलच्या मागच्या हिरवळीवर होता, समुद्राच्या बाजूला. म्हातारा लवकर झोपतो म्हणून संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजानंतर लगेच सुरू करायचा होता. आमचे पास कडेला उभं राहायचे, स्पीकरच्या जवळ. तिथंच मला ॲना दिसली. तिच्या वडिलांनी तिकिटं काढली होती, पण मला पाहून ती धावत आली आणि शेजारी उभी राहिली. मी बाबांची ओळख करून दिली, "माझे वडील," एवढंच. बाबांनी मान हलवली. धोकटी त्यांच्या काखेत होती.

वाद्यं सुरू झाली तेव्हा माझ्या छातीतलं हाड हललं. मी असा आवाज आधी कधी अंगावर घेतला नव्हता. मग तो आला. दोघांनी दंडाला धरून आणला. पाठीचा कणा वाकलेला, पायांत पांढरे बूट, अंगात पांढरा सदरा, काळेभोर रंगवलेले केस. बोर्डावरचा माणूस आणि हा माणूस यांत तीस-चाळीस वर्षांचं अंतर असावं. त्याला उंच स्टुलावर बसवलं, गिटार मांडीवर ठेवली, आणि एका माणसानं त्याची बोटं तारांवर नेऊन ठेवली. माझ्या अंगावर काटा आला, पण कौतुकानं नव्हे. अशा माणसाला हे लोक अजून का गायला लावतात, असं वाटलं. त्यानं तोंड उघडलं, आणि त्या वाकलेल्या देहातून जो आवाज आला तो खरखरीत होता, फाटका होता, पण एवढा मोठा होता, की पुढच्या रांगेतल्या बायका मागं सरकल्या. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "बघ."

तेवढ्यात स्टेजच्या दोन्ही बाजूंच्या पडद्यांवर त्याचा चेहरा आला. हनुवटीच्या खाली, डावीकडं, एक लाल रेघ होती. आधी मला वाटलं, पडद्यात दोष आहे. मग त्यानं वरचा सूर घेतला, गळा ताणला, आणि रेघ उघडली. पडद्यावर ती माझ्या हाताएवढी लांब होती. तिच्यातून रक्ताचा थेंब निघाला, घरंगळला आणि पांढऱ्या कॉलरवर पसरला. हजारो माणसं ते पाहत होती. त्यानं मनगटानं पुसलं, गालभर लाल झालं, तो गात राहिला.

"अरे देवा," ॲना म्हणाली. "याची दाढी कुणी केली असेल?"

बाबांकडं बघायचं धाडस होईना. ॲना इंग्रजीत बोलली होती, पण तेवढं इंग्रजी बाबांना कळत होतं. नंतर त्यांनी सांगितलं, की दाढी चालू असताना तो मधेच गुणगुणायला लागला. "गळा हलला त्याचा. एवढंसं लागलं. तुरटी लावली, थांबलं होतं." ते का थांबलं नसावं, हे मला एवढ्या वर्षांनी कळलं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी मला रक्त पातळ करायची गोळी लावली, आणि भाजी चिरताना बोटाला लागलेलं दीड तास वाहत राहिलं. ओट्याशी उभी राहून मी त्या गायकाचा आणि बाबांचा विचार करत होते. पातं असतं तर ओरखडा उठला असता. वस्तरा खोल जातो.

मी मान वळवली तेव्हा बाबा शेजारी नव्हते. धोकटी खाली गवतावर होती, आणि बाबा गर्दीतून वाट काढत स्टेजच्या बाजूच्या पायऱ्यांकडं निघाले होते. उजवा हात वर होता आणि हातात काहीतरी पांढरं होतं. मला कळायच्या आत दोन सिक्युरिटीवाल्यांनी त्यांना धरलं. एकानं मनगट पिरगाळलं. दुसरा ओरडला, "दगड आहे, दगड." मी आयुष्यात पहिल्यांदा लोकांना ढकलून धावले. बाबांचा गाल लोखंडी कठड्यावर दाबलेला होता आणि ते हिंदीत सांगत होते, "फिटकिरी है भाई, फिटकिरी." त्या दोघांना हिंदी येत नव्हती.

तुरटीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना. कॉलेजात जाऊन दोन वर्षं झाली होती. "तो दगड नाही," मी इंग्रजीत ओरडले. "त्यानं रक्त थांबतं. हे माझे वडील आहेत. ते न्हावी आहेत. त्यांनीच दाढी केली." माझ्या मागं ॲना येऊन उभी होती. मला ते ठाऊक होतं, आणि त्या क्षणी त्याचं काहीच वाटलं नाही. ते नंतर वाटलं.

पडद्यामागून सेक्रेटरी बाई आल्या. त्यांच्या मुठीत भिजलेले कागदी रुमाल होते. त्यांनी बाबांना ओळखलं, "यल्ला, यल्ला," असं कुणाकडून तरी शिकलेलं अरबी 'चला' म्हणत आम्हा दोघांना आत घेतलं. स्टेजवर पियानोवाला एकटाच वाजवत होता. म्हाताऱ्याला मागं आणून खुर्चीवर बसवलं होतं. जवळून तो फारच लहान दिसत होता. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर नाचत होते. बाबांनी पाण्याच्या बाटलीत खडा बुडवला, डाव्या हातानं त्याची हनुवटी वर केली आणि तुरटी जखमेवर दाबून धरली. उजवा हात दगडासारखा स्थिर होता. सलूनचे मॅनेजरही तोवर धावत आले होते, घामानं निथळत. रक्त थांबेपर्यंत बाबांनी खडा हलवला नाही.

मग बाबा मला म्हणाले, "जैबू, विचार त्याला, बाप कुठं बसायचा दुकान घालून. मना मघाशी नीट विचारता नाय आलं." त्यांना त्याच्याशी काहीतरी चांगलं बोलायचं होतं. माफी मागायची ती त्यांची रीत असावी.

मी त्याच्या कानाशी वाकून मोठ्यानं विचारलं, तुमचे वडील काय करायचे.

"लॉरी चालवायचा," तो म्हणाला. "का?"

बाबा माझ्या तोंडाकडं बघत होते. मला दुसरं काही सांगता आलं असतं. "लॉरी चालवायचे," मी म्हटलं.

"मग वस्तरा?" बाबा म्हणाले.

मी मान खाली घातली. त्यांना तिथंच सगळं कळलं. शब्दाचा अर्थ नव्हे, पण शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता, हे कळलं. त्यांचा हात म्हाताऱ्याच्या हनुवटीवरून खाली आला, आणि खिशात जायचं विसरून हवेतच राहिला, आणि थरथरू लागला. तसा मी तो घरीही कधी पाहिला नव्हता. खांद्यापासून हलत होता. तुरटीचा खडा निसटून जमिनीवर पडला.

म्हाताऱ्यानं ते पाहिलं. त्याचा चेहरा उजळला. त्यानं स्वतःचा उजवा हात उचलून बाबांच्या हाताशेजारी धरला. दोन हात हवेत थरथरत होते. "तुझा ठेका माझ्यापेक्षा जलद आहे," तो म्हणाला. आजूबाजूचे सगळे हसले, सेक्रेटरी बाईसुद्धा. तो मनापासून बोलला होता, यात मला शंका नाही. शरमेच्या त्या घटकेत एका म्हाताऱ्यानं दुसऱ्या म्हाताऱ्याला सोबत केली होती. फक्त मॅनेजर हसले नाहीत. ते बाबांच्या हाताकडं बघत होते.

मग त्याला पुन्हा स्टेजवर नेलं. गर्दी ओरडत होती. मॅनेजर बाबांना हळू आवाजात म्हणाले, "कासमभाई, उद्या माझ्याकडं या." एवढंच.

बाहेर आलो तर ॲना धोकटी हातात धरून उभी होती, दोन्ही हातांनी, एखादं मूल धरावं तशी. तिनं ती बाबांकडं दिली आणि मला म्हणाली, "तू मला सांगितलं असतंस तर चाललं असतं." तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. त्या आठवड्यात मला हे वाक्य ऐकवणारी ती पहिली.

दुसरे बाबा. समुद्राच्या कडेनं बसस्टॉपकडं चालताना मागून अजून त्याचं गाणं ऐकू येत होतं. मी सगळं सांगितलं, लायब्ररीच्या बाई, कागद, मंगळवार. बाबांनी धोकटी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"मना सांगायचंस की गो," ते म्हणाले.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. मग?"

बस आली नाही, आम्ही बाकावर बसलो. त्यांचा हात मांडीवर हलत होता. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं.

"काय अर्थ त्याचा?"

"आख्यायिका. म्हणजे लोक सांगत राहतात ती गोष्ट. खरी की खोटी ते कुणाला ठाऊक नसतं."

"मग वस्तराच बरा," ते म्हणाले. "खरा की खोटा, ते लागल्यावर कळतं."

हॉटेलनं बाबांना काढलं नाही. खुर्ची काढून घेतली आणि टॉवेल मोजायला बसवलं. तीन महिने ते टॉवेलांच्या घड्या घालत होते, आणि त्या तीन महिन्यांत घरी शुक्रवारी चामोट्याचा आवाज आला नाही. मी लायब्ररीत अर्धवेळ काम धरलं. मग शकूरकाकांनी बिरकत अल अवामेरला, कामगारांच्या वस्तीत, एक छोटं सलून उघडलं. दोन खुर्च्या, एक आरसा. त्यांनी बाबांना बोलावलं. "हात हलतो," बाबा म्हणाले. शकूरकाका म्हणाले, "माझी दाढी कर आणि दाखव." बाबांनी केली. शकूरकाका गालावरून हात फिरवत म्हणाले, "खलास. उद्यापासून ये."

दुकानाचं नाव बाबांनी सुचवलं. दुकानाचा परवाना ज्याच्या नावावर होता त्या शकूरकाकांच्या कतारी स्पॉन्सरनं ते ऐकलं तेव्हा तो म्हणे खूप हसला. दोन खुर्च्यांच्या दुकानाला एवढं मोठं नाव. पण त्यानं सही केली. बोर्ड लागला त्या दिवशी बाबा मला मुद्दाम घेऊन गेले. अरबी लोक तो वाचायचे आणि दुकानाचं नाव आख्यायिका आहे असं समजायचे, आमची कोकणची माणसं वाचायची आणि वस्तरा समजायची, आणि कुणाचंच वाचणं चुकत नव्हतं. पण हे पुढचं. त्या दिवशी बाबा स्टुलावर चढले आणि मदरशातल्या मुलासारखं पहिल्या अक्षरावर बोट नेलं. बोर्डापर्यंत पोचेतो ते थरथरत होतं. मग टेकलं. अलिफ, सीन, तोय, वाव, रे, गोल ते.

"बरोबर लिवलंय?" त्यांनी खाली माझ्याकडं बघत विचारलं.

मी नीट पाहिलं. शेवटच्या गोल अक्षरावरचे दोन ठिपके द्यायला पेंटर विसरला होता.

"दोन नुक्ते राहिलेत, बाबा," मी म्हटलं.

"कुठं? दाखव," ते म्हणाले, आणि मला जागा करून देण्यासाठी स्टुलावर जरा सरकले.